सीसीआरची गाणी अजून कशी काय चालतात? (आणि तारकर्लीला काय वाजवू?)

बेसवालो_कुडाळ

मंडळी नमस्कार, विषय इथल्या नेहमीच्या डबलबारी-दशावताराच्या बाहेरचा आहे पण जुनं इंग्लिश ऐकणारे इथे बरेच आहेत म्हणून टाकतोय. आम्ही चौघं वाजवतो. मी बेस, मामेभाऊ ड्रमवर (मूळचा ऑर्केस्ट्रातला ऑक्टोपॅडवाला), एक गिटारवाला आणि एक गाणारी, ती थोडी गिटार पण वाजवते. डिसेंबरात तारकर्लीला एका होमस्टेवर दोन तासांचा प्रोग्रॅम मिळालाय. मालकाचं म्हणणं एवढंच की जुनी इंग्लिश वाजवा, पब्लिक पुण्या-मुंबईचं असतं, दोन-चार फॉरेनर असतात.

आता गंमत काय झाली, मे महिन्यात तिथेच ट्रायल म्हणून थोडं वाजवलेलं, तेव्हा बाकीची जुनी इंग्लिश गाणी लोकांनी नुसती ऐकली, म्हणजे समुद्राकडे बघत, बिअर घेत, वाजतंय ना बॅकग्राऊंडला वाजू दे अशी. पण क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल (म्हणजेच सीसीआर) ह्या अमेरिकन रॉक बँडचं 'हॅव यू एव्हर सीन द रेन' सुरू केलं आणि साठीचे काका, त्यांची इंजिनिअरिंगला असलेली मुलगी, सगळेच गायला लागले, इतकंच काय सुरमई थाळी घेऊन येणारा पोरगा पण धृपदाला ओठ हलवत होता आणि त्याचं इंग्लिश माझ्यापेक्षा यथातथा आहे. नंतर 'बॅड मून रायझिंग'ला पण तेच.

माझा प्रश्न असा की हा बँड ह्या नावाने १९६८ ते १९७२ एवढाच चालला. अमेरिकेत एक पण गाणं नंबर एकला गेलं नाही, पाच गाणी दोन नंबरवर जाऊन अडकली. एकाच माणसाने, जॉन फोगर्टीने, जवळपास सगळी लिहिली. कपडे म्हणाल तर चेक्सचे शर्ट. त्यांच्यापेक्षा हुशार, मोठे, गाजावाजा झालेले बँड होते तेव्हा. मग हेच का टिकले? नुसती जुनी आठवण असेल तर एकोणीस वर्षाच्या पोरीला कसली आठवण? आणि दुसरं, प्रोग्रॅममध्ये ह्यांची किती घ्यावी, कुठली टाळावी, जाणकारांनी सांगा.

---

जहाजी_काका

रत्नागिरीहून. मर्चंट नेव्हीत इंजिन रूमला आयुष्य काढलं, आता निवृत्त, त्यामुळे वेळ आहे तर सविस्तर लिहितो.

मला हा बँड मिळाला तो दुबईच्या बाजारात, ऐंशीच्या दशकात तिथे डुप्लिकेट कॅसेट ढिगाने मिळायच्या, कव्हरवर स्पेलिंगचा आनंद, 'प्राऊड मेरी'मधल्या मेरीचं 'मॅरी' म्हणजे लग्न करून टाकलेलं. तेव्हा मला रॉक बिक काही कळत नव्हतं, आमच्याकडे घरात नाट्यसंगीत. पण बोटीवर मेसमध्ये फिलिपिनो पोरं असतात, त्यांच्या हातात गिटार आली की पहिली दोन-तीन गाणी ह्यांचीच, नंतर कॅराओकी मशीन आलं तरी तेच. ग्रीक चीफ, बंगाली थर्ड इंजिनिअर, आमच्या हर्णैचा एक ऑइलर ज्याला इंग्लिश फक्त शिव्यांपुरतं यायचं, सगळे त्यात. मी जवळून पाहिलंय ते सांगतो, शब्द कळत नसले तरी त्या गाण्यात कुठे तोंड उघडायचं ते कळतं. धृपद येणार येणार हे दोन ओळी आधीच लक्षात येतं आणि बरोबर तिथेच येतं. फसवत नाही.

आता माहितीचं. ही चौघं सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडे एल सेरिटो नावाचं गाव आहे तिथली. जॉन, बेसवाला स्टू कुक आणि ड्रमवाला डग क्लिफर्ड हे शाळेपासून एकत्र, जॉनचा मोठा भाऊ टॉम नंतर कायमचा त्यांच्यात आला. १९५९ पासून वाजवत होते. मधे रेकॉर्ड कंपनीने त्यांना 'गॉलिवॉग्स' असं भिकार नाव चिकटवलं होतं आणि त्या नावाने काही झालं नाही. म्हणजे १९६८ मध्ये जग ज्यांना नवीन बँड म्हणून ऐकत होतं ते नऊ वर्षं घासून आलेले होते. मग १९६९ ह्या एका वर्षात तीन अल्बम! आजकाल एका अल्बमला चार वर्षं लागतात.

आणि 'फॉर्च्युनेट सन'बद्दल एक. व्हिएतनामची भरती चालू होती, जॉन स्वतः आर्मी रिझर्व्हमध्ये राहून आलेला, आणि तेव्हा नुकत्याच निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या मुलीचं लग्न माजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरच्या नातवाशी झालं, त्या बातम्या बघून त्याला वाटलं की ही बड्यांची पोरं काही लढाईवर जाणार नाहीत. गाणं पाहिलंत तर युद्धाच्या विरोधात भाषण नाही त्यात, फक्त 'मी त्यातला नव्हे' एवढंच ठासून आहे. आमच्या इंजिन रूममध्ये ते गाणं का चालायचं हे मी वेगळं सांगायला नको, ब्रिजवर एसीत कोण बसतं आणि खाली पंचेचाळीस डिग्रीत कोण असतं.

---

सड्यावरचो

माका पटला नाय. देवगडात बसान बोलतंय, पण बोलतंय.

अहो काका, हा बँड टिकलाय कारण सिनेमावाल्यांनी टिकवलाय. व्हिएतनामचं हेलिकॉप्टर दिसलं की 'फॉर्च्युनेट सन' वाजणार हा आता नियमच झालाय, 'फॉरेस्ट गंप'मध्ये आहे, नंतर व्हिडिओ गेममध्ये आलं, जाहिरातीत आलं, रील्समध्ये आलं, आणि पोरांना वाटतं काय भारी जुनं शोधलं आम्ही. कुठलंही गाणं एवढ्या वेळा कानावर आदळलं तर पाठ होणारच.

आणि दुसरं म्हणजे खरेपणा. कॅलिफोर्नियाचा पोरगा 'मी बायूवर जन्मलो' म्हणून गातो! लुइझियानाची ती दलदल त्याच्या घरापासून तीनेक हजार किलोमीटर. 'प्राऊड मेरी'तली मिसिसिपीवरची बोट पण मनातली. उच्चार सुद्धा मुद्दाम दक्षिणेकडचे काढतो. ह्याला रूट्स रॉक, म्हणजे मातीतल्या लोकसंगीतावर उभं राहिलेलं रॉक, म्हणायचं? मुळं कुणाची, आंबा कुणाच्या परड्यात! त्याच वर्षी, १९६८ ला, 'द बँड' नावाच्याच ग्रुपचा 'म्युझिक फ्रॉम बिग पिंक' हा अल्बम आला, तो ऐका आणि मग सीसीआर ऐका, फरक कळेल. गाण्यात थर असतात हो. इथे काय, तीन कॉर्ड आणि ओरडा.

आवडू नये असं म्हणत नाही, पण 'अजरामर' वगैरे जरा जपून.

---

सहा_तारा

सावंतवाडीत गिटार शिकवतो. सड्यावरच्यांचा 'तीन कॉर्ड आणि ओरडा' हा शेरा वाचून चहा तसाच ठेवला आणि लिहायला बसलो.

'बॅड मून रायझिंग'मध्ये तीनच कॉर्ड आहेत हे खरंय. माझ्याकडे आलेला विद्यार्थी दुसऱ्या महिन्यात ते वाजवतो. पण रेकॉर्डसारखं वाजवून दाखवा म्हटलं की भले भले गार पडतात, कारण एकतर फोगर्टीने गिटार पूर्ण एक स्वर खाली उतरवलेली आहे, हात ई-च्या आकारावर फिरतो आणि ऐकू येतो डी. तारा सैल झाल्या की आवाजाला एक जडपणा येतो, जरासा खर्जातला घोगरेपणा, आणि त्यावर त्याचा गळा मात्र वरच्या पट्टीत फाटेपर्यंत ताणलेला. खाली जड आणि वर धारदार, मधली जागा मोकळी. त्या मोकळ्या जागेत ऐकणारा गातो. बेसवालो, तुमच्या काकांच्या आणि मुलीच्या एकत्र गाण्याचं अर्धं उत्तर माझ्या मते इथे आहे.

'प्राऊड मेरी'चं कडवं घ्या, सबंध कडवं एकाच कॉर्डवर. ह्याला हिंमत लागते हो. नवशिका दर दोन मात्रांना काहीतरी बदलायला बघतो कारण त्याला भीती असते की लोक कंटाळतील. 'बॉर्न ऑन द बायू' तर बराचसा एका ई-सेव्हन कॉर्डवर, त्यात अँपचा ट्रेमोलो लावलेला, म्हणजे आवाज आपोआप लहान-मोठा होत राहतो, पाण्यावर बल्बचा उजेड हलतो ना तसा. ते ऐकून दलदल दिसते का? दिसते. मग तो तिथे जन्मला की नाही हे मी त्याच्या आधार कार्डावर कशाला बघू.

लांबी बघा. 'बॅड मून', 'फॉर्च्युनेट सन' दोन्ही अडीच मिनिटांच्या आत. त्या वेळी सॅन फ्रान्सिस्कोत गल्लोगल्ली वीस-वीस मिनिटं गिटार चालू होती, सगळे वेगळ्याच लोकात, आणि हे लोक तिथूनच पलीकडे बसून रोज, नोकरीला गेल्यासारखे, तालीम करायचे, आणि स्टेजवर नशापाणी नाही हा जॉनचा नियम. बर्कलीतल्या त्यांच्या तालमीच्या जागेला डग क्लिफर्डने 'फॅक्टरी' म्हणायला सुरुवात केली, त्याचं टोपणनाव कॉस्मो, म्हणून १९७० च्या अल्बमचं नाव 'कॉस्मोज फॅक्टरी'. लांब गाणी त्यांनी पण केली, 'सुझी क्यू' साडेआठ मिनिटांच्या वर आहे आणि 'ग्रेपव्हाइन' अकरा मिनिटं, पण ती दोन्ही गाणी मूळ दुसऱ्यांची. स्वतःचं लिहिताना बहुतेक वेळा कात्री हातात.

आणि ऑक्टोपॅडवाल्या भावाला निरोप द्या. ड्रमचा रोल नको. दर चार ओळींना 'धडधडधडधड' करायची आपल्या ऑर्केस्ट्राची सवय आहे ती ह्या गाण्यांना मारते. डग क्लिफर्ड काय वाजवतो ह्यापेक्षा काय वाजवत नाही ते ऐकायला सांगा. आणि स्पीड! लोक टाळ्या द्यायला लागले की आपण धावायला लागतो, 'प्राऊड मेरी' मूळ रेकॉर्डला निवांत आहे, बोट चाललीये, एसटी पकडायची नाहीये.

---

परळचा_चाकरमानी

मूळ गाव गुहागर तालुका, पण जन्म आणि बालपण परळच्या चाळीत, आजोबा गिरणीत. सड्यावरच्यांनी खरेपणाचा मुद्दा काढला तो मला फार जवळचा आहे म्हणून लिहितो, जरा लांबेल.

आपली कोकणची गाणी कुठे झाली सांगा बघू. जाखडी, शक्ती-तुरा, नमन, ह्यातलं निम्मं तरी मुंबईत लिहिलं गेलं, गिरणीची पाळी सुटल्यावर दहा बाय दहाच्या खोलीत जिथे गाववाले वीस-वीस जण पाळीपाळीने झोपायचे तिथे. परळच्या दामोदर हॉलला शक्ती-तुऱ्याच्या सामन्याला जी गर्दी व्हायची तिच्यातल्या कित्येकांना गाव वर्षातून दोनदा दिसायचं, गणपतीला आणि शिमग्याला. आणि त्या गाण्यातलं गाव बघा, त्यात व्हाळ कधी आटत नाही, चिऱ्याच्या घराची भिंत कधी ढासळत नाही, भावकीची भांडणं नाहीत. ते गाव आजोबांना परळमध्येच सापडलं होतं. गावात राहणाऱ्याने कधी 'माझं गाव माझं गाव' असं गाणं लिहिलेलं मी तरी ऐकलं नाही, त्याला पावसाआधी कौलं परतायची असतात.

मग फोगर्टीने तेच केलं तर चुकलं कुठे? लहानपणी त्याने लीड बेली ऐकला, जो खरंच लुइझियानाचा, पोप्स स्टेपल्सची गिटार ऐकली, लिटल रिचर्ड ऐकला, मेम्फिसच्या बुकर टी अँड द एमजीज ह्यांच्यावर तर तो फिदाच होता. ह्या सगळ्यांच्या गाण्यातून त्याच्या डोक्यात एक मुलूख तयार झाला आणि तो तिथे राहायला गेला. 'ग्रीन रिव्हर' ऐका, सगळ्यांना वाटतं दक्षिणेतली कुठली तरी नदी. प्रत्यक्षात ती कॅलिफोर्नियातच विंटर्स नावाच्या गावाजवळचा पुटा क्रीक, म्हणजे आपल्या भाषेत एक व्हाळ, जिथे हे कुटुंब सुट्टीला जायचं. आणि नाव कुठून आलं तर सोडा फाऊंटनवर मिळणाऱ्या लिंबाच्या हिरव्या सिरपच्या बाटलीवरून! एवढ्याशा सामानावर त्याने नदी उभी केली. मला हे खोटं वाटत नाही, मला ही कारागिरी वाटते. ज्याला तो मुलूख माहीत नाही अशा माणसालाही त्यात शिरता येतं, कारण लिहिणारा स्वतःच बाहेरून आत शिरलेला आहे. फिलिपिनो खलाशी, तुमचा थाळी घेऊन येणारा पोरगा, आम्ही परळवाले, सगळ्यांना दार उघडं.

आणि हो, 'द बँड'चं नाव घेतलंत तर त्यातले पाचापैकी चौघं कॅनडाचे होते. एकटा लेव्हन हेल्म आर्कान्सासचा. मग काय करायचं? त्यांचं पण रेशनकार्ड मागायचं?

सिनेमामुळे टिकले म्हणता. १९७० साली वुडस्टॉक ह्या संगीत महोत्सवाचा सिनेमा आला, त्याने कितीतरी बँड रातोरात जगभर पोचवले. सीसीआर त्या महोत्सवात वाजवायला होते, मोठ्या नावांपैकी सगळ्यात आधी होकार दिलेले. पण ग्रेटफुल डेड ह्या बँडनंतर यांची पाळी मध्यरात्र उलटल्यावर आली, अर्धी जनता चिखलात झोपलेली, आणि जॉनला आपलं वाजवणं पसंत पडलं नाही म्हणून त्याने सिनेमात घेऊ दिलं नाही. ती रेकॉर्डिंग पूर्ण बाहेर आली २०१९ मध्ये. एवढा मोठा सिनेमा हातचा घालवून पण टिकले ना?

---

सड्यावरचो

कॅनडाचा मुद्दा बरोबर, तो मी मुद्दाम गाळला होता, पकडलात. बाकी 'कारागिरी' वगैरे मान्य पण माझं म्हणणं अजून तेच, ऐकायला सोपं ते जास्त दिवस टिकतं, त्यात थोरवी कसली. ह्यांचा १९७२ चा 'मार्डी ग्रा' अल्बम ऐकलाय का कुणी? तो पण सोपाच आहे, पण ऐकवत नाही.

---

सहा_तारा

'मार्डी ग्रा'मध्ये गाणी तिघांत वाटून घेतलेली, स्टू आणि डग यांनी पण लिहिली आणि गायली. टॉम सोडला तर बँड तोच, तरी ऐकवत नाही असं तुम्हीच म्हणताय. सोपं लिहिणं सोपं असतं तर तो अल्बम बरा झाला असता. माझं काम तुम्हीच केलंत.

---

कोर्टाच्या_मागे

वकिली करतो. गाण्यातलं मला कळत नाही पण ह्या बँडच्या केसेस मी आवडीने वाचल्यात, त्यामुळे ती बाजू.

दोन भाऊ, त्यातला धाकटा कर्ता, मोठा त्याच्या मागे उभा राहून ऱ्हिदम वाजवणार. मोठ्याला वाटणार माझं पण काहीतरी ऐका. हे वाचताना मला तर सामायिक सातबाऱ्याचीच केस वाटली, फरक एवढाच की आमच्याकडे आंब्याच्या कलमांवरून होतं. टॉम १९७१ च्या सुरुवातीला बाहेर पडला. 'हॅव यू एव्हर सीन द रेन' हे त्याच सुमाराचं, आणि फोगर्टीने स्वतः सांगितलंय की ते बँडमधल्या ह्या बिघाडावर आहे, सगळं यश पायाशी आणि घरात धुसफूस, ऊन पडलेलं असताना पाऊस. आपल्याकडे श्रावण आला की लोक हे गाणं स्टेटसला लावतात, लावू देत, चालतं. टॉम १९९० मध्ये गेला, रक्त चढवताना एड्सची लागण झाली होती. दोघा भावांचं शेवटपर्यंत धड जुळलं नाही. १९९३ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमचा सन्मान मिळाला तेव्हा जॉनने उरलेल्या दोघांबरोबर वाजवायला नकार दिला आणि ब्रूस स्प्रिंगस्टीन, रॉबी रॉबर्टसन ह्यांना घेऊन वाजवलं. टॉमच्या घरची मंडळी तिथे बसलेली होती.

आता कंपनीचं. फँटसी रेकॉर्ड्सशी केलेल्या कराराने गाण्यांचे हक्क कंपनीकडे गेले. त्यातून सुटायला जॉनने पुढे रॉयल्टीवर पाणी सोडलं आणि मग रागाने कित्येक वर्षं स्वतःचीच गाणी स्टेजवर म्हणायचं बंद केलं. १९८७ साली बॉब डिलनने त्याला सुनावलं की तू 'प्राऊड मेरी' म्हणाला नाहीस तर लोक ते टीना टर्नरचंच समजतील (तिने पण ते गायलंय). त्यानंतर परत म्हणायला लागला.

मधली केस तर कायद्याच्या पोरांना शिकवावी अशी आहे. १९८५ च्या त्याच्या एका नव्या गाण्यावर कंपनीने दावा ठोकला की हे तू आमच्या मालकीच्या 'रन थ्रू द जंगल'वरून उचललंस. म्हणजे स्वतःचीच नक्कल केल्याचा आरोप! १९८८ मध्ये ज्युरीसमोर हा माणूस गिटार घेऊन साक्षीच्या पिंजऱ्यात बसला आणि वाजवून दाखवलं की माझी चाल बांधायची पद्धतच अशी आहे. जिंकला. मग वकिलाचा खर्च मागितला, खालच्या कोर्टांनी नाही म्हटलं, तर सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९९४ मध्ये तिथे ठरलं की कॉपीराईटच्या केसमध्ये खर्च देताना वादी-प्रतिवादी दोघांना एकच माप लावायचं. शेवटी तेरा लाख डॉलरच्या वर खर्च मिळाला. आणि २०२३ मध्ये, पन्नास वर्षांनी, त्या गाण्यांच्या प्रकाशन हक्कातला मोठा हिस्सा त्याच्या हातात आला. २०२५ मध्ये, ऐंशी वर्षांचा झाला त्या वर्षी, पोरांना बरोबर घेऊन परत रेकॉर्ड केलेली जुनी गाणी बाहेर काढली. अपील करत राहावं, एवढंच म्हणेन.

बेसवालो, तुमच्या कामाचं: होमस्टेवर पाहुण्यांसमोर दुसऱ्याची गाणी वाजवायची तर संगीताच्या सार्वजनिक सादरीकरणाचं लायसन्स लागतं, ते सहसा जागेच्या मालकाने काढायचं असतं. आधी विचारून घ्या, नंतर तुमच्या गळ्यात यायला नको. आणि रात्री दहानंतर स्पीकर बंद म्हणजे बंद.

---

चिवल्याची_ताई

मालवणात चिवला बीचच्या बाजूला आमच्या दोन खोल्या आहेत पाहुण्यांसाठी. मी संगीतातली नाही, पण पाहुणे काय ऐकतात ते वर्षानुवर्षं बघते आहे. स्पीकर त्यांचा, फोन त्यांचा, गाणी ऐकायची आम्हाला.

माझं निरीक्षण असं की ही गाणी लावली की कुणी कुणाला 'बदल ना' म्हणत नाही. नवीन पोरांची लावली की आईवडील तोंड करतात, किशोर लावला की पोरं फोनमध्ये शिरतात, मोठा आवाज असलेलं रॉक लावलं की शेजारची काकी गडग्यावरून बघते. ह्यांचं लावलं तर काकीसुद्धा काय बोलत नाय. एकदा म्हणाली, "ह्यो माणूस भजनात बरो बसलो असतो, गळो असा तेका." डबलबारीचे बुवा कसे वरच्या पट्टीत हाक देतात आणि मागचे कोरस उचलतात, तसंच काहीतरी तिला लागलं असणार, मला त्यातलं कळत नाही पण काकीचा मुलगा पखवाज वाजवतो त्यामुळे तिचा कान तयार आहे.

एक सांगू का, प्रोग्रॅमला सगळी त्यांचीच नका घेऊ. जेवण लागायच्या आधी दोन-तीन, नंतर दोन-तीन. तळलेला बांगडा पानात आला की कोण पण ऐकत नसतं, तेव्हा हळू काहीतरी वाजवा.

---

बेसवालो_कुडाळ

बापरे, एवढे रिप्लाय! काका, सर, वकीलसाहेब, ताई, सगळ्यांचे आभार. ड्रमवाल्या भावाला सरांचा मेसेज वाचून दाखवला, तो आधी फुगला, मग यूट्यूबवर लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचा १९७० चा कार्यक्रम बघत बसला आणि रात्री त्याचा मेसेज, "हो काहीच करत नाय रे, तरी कसो वाजता?" म्हणजे लाईनीवर येतोय.

'रन थ्रू द जंगल'ची केस माहीतच नव्हती, मी तर ते व्हिएतनामवरचं गाणं समजत होतो.

---

जहाजी_काका

बहुतेक सगळे तसंच समजतात. जॉनने सांगितलंय की ते अमेरिकेत घरोघरी असलेल्या बंदुकांवर आहे. नीट ऐक, आजही बातमी वाटेल.

---

बेसवालो_कुडाळ

हे भारीच. अजून दोन शंका. एक म्हणजे आमची गाणारी मुलगी म्हणते 'प्राऊड मेरी' करायचं तर टीना टर्नरसारखं, आधी हळू आणि मग एकदम सुटायचं. गिटारवाला म्हणतो मूळचंच ठेवू. दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलंय. आणि दुसरं, 'लोडाय' घ्यायचं का? मला ते फार आवडतं पण कुणी ओळखेल असं वाटत नाही.

---

परळचा_चाकरमानी

'लोडाय' घ्याच घ्या. छोट्या गावात अडकलेला गवई, पैसे संपले, परतीच्या भाड्याची सोय नाही, बारमधल्या दारू प्यायलेल्यांसमोर वाजवतोय. मी तरुणपणी एका ऑर्केस्ट्राबरोबर हौसेने फिरायचो, एका गावी संयोजक मानधन न देता गायब झाला आणि आम्ही सामानासकट एसटी स्टँडवर. ते गाणं नंतर ऐकलं तेव्हा वाटलं हा माणूस त्या स्टँडवर होता की काय! आणि फोगर्टी त्या लोडाय गावात तेव्हा गेलेला पण नव्हता, नाव ऐकायला झकास वाटलं म्हणून घेतलं. सड्यावरचे, हे पण लिहून ठेवा तुमच्या आरोपपत्रात.

---

सड्यावरचो

ठेवलंय. पण 'लोडाय' चांगलं गाणं आहे, त्याबद्दल बोलायचं नाय. तारकर्लीला डिसेंबरात येतोय ऐकायला, जागा ठेवा, पुढे नको, मागे.

---

सहा_तारा

'प्राऊड मेरी'चं भांडण मिटवतो. टीना आणि आयक टर्नरचं १९७१ चं व्हर्जन म्हणजे जवळपास वेगळं गाणं आहे, ते उभं करायला मागे ब्रास पाहिजे, कोरसला तीन बायका पाहिजेत आणि नाचायला जागा. तुम्ही चौघं आहात, त्यातला एक रोल न वाजवायला शिकतोय. मूळचं करा, पण गाऊ दे तिलाच, तिच्या पट्टीत. गिटारवाल्याला सांगा, फोगर्टीने गिटार उतरवली ती स्वतःच्या गळ्यासाठी आणि आवाजाच्या वजनासाठी, तू तिच्या गळ्याप्रमाणे कॅपो (तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा) लाव, त्यात कमीपणा नाही. ती दुसरी गिटार धरते ना? उत्तमच, तिने टॉमचं काम करायचं, नुसता ऱ्हिदम, सरळ, एकही शोभेचा स्ट्रोक नको. टॉम गेल्यावर त्यांचा आवाज कुठे पोकळ झाला ते १९७२ चं ऐकलंत की लक्षात येईल.

'लोडाय'मध्ये शेवटच्या कडव्याला पट्टी वर जाते तिथे बेसने आधी उडी मारायची नाही, ड्रमकडे बघून जा. क्रम म्हणाल तर सुरुवात 'अप अराऊंड द बेंड'ने, ती वरच्या तारांवरची धून ऐकली की लोक खुर्च्या वळवतात. मग 'लोडाय', मग 'बॅड मून'. जेवणानंतर 'बायू', 'प्राऊड मेरी', आणि पावसाचं सगळ्यात शेवटी, पावणेदहाला, म्हणजे दहाच्या आत लोक दोनदा गाऊन घेतील.

'बायू'ला ट्रेमोलो पाहिजेच. माझं पेडल पडून आहे, रविवारी दुपारनंतर सावंतवाडीला येऊन घेऊन जा. येताना नऊ व्होल्टची बॅटरी आण, इथल्या दुकानात संपल्यात.